हेंड्रिक्सच्या खोलीत एक डावखुरा

आधी कामाचं सांगून टाकतो. लंडनचं हँडेल-हेंड्रिक्स संग्रहालय बघायचं तर बॉण्ड स्ट्रीट स्टेशनला उतरायचं, तिथून पाचेक मिनिटं चालत ब्रूक स्ट्रीट. सोमवारी-मंगळवारी जाऊ नका, बंद असतं. तिकीट आम्हाला माणशी चौदा पौंड पडलं. रुपयांत हिशोब करायचा नाही हे मी विमानातच ठरवलं होतं. एका तिकिटात दोन घरं. 25 नंबरमध्ये अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल, 23 नंबरमध्ये वरच्या मजल्यावर रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. मधे एक भिंत आणि दोनशे वर्षं.

भाच्याच्या पदवीदानाला लंडनला गेलो होतो. ताई-भावोजी मेणाचे पुतळे बघायला गेले. भाचा माझ्याबरोबर आला, तो केवळ मामाची दया येऊन. वाटेत म्हणाला, "मामा, हा तो टी-शर्टवाला ना?" म्हटलं, हो, तोच.

मी का गेलो ते सांगायला हवं. मी डावखुरा. लहानपणी पंगतीत डावा हात पुढे गेला की काका मनगटावर चापट मारायचे, आणि नैवेद्याच्या ताटाला तर तो लावायचाच नाही. कॉलेजात मित्राची जुनी गिव्हसन गिटार सातशे रुपयांना घेतली, ती अर्थातच उजव्यांची. तारा काढून उलट्या चढवल्या आणि मग कळलं की हे एवढ्यावर भागत नाही. गिटारच्या मानेच्या टोकाला नट असतो, त्याच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. तारा उलट केल्या की बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते आणि जाड तार अरुंद खाचेत शिरतच नाही. एक अख्खा रविवार कानस घेऊन गॅलरीत बसलो होतो. आई म्हणाली, "वाजवायला आणलीस की सुतारकामाला?" त्या सुमारास कोणीतरी सांगितलं, अरे, तुझ्यासारखाच उलटी गिटार धरणारा एक होऊन गेला.

मग मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊस या रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानात जाऊन ऐकलं. कॅसेट घ्यायला पैसे जमायला दीड महिना लागला. पुढे आम्ही चौघं दर 18 सप्टेंबरला डोंबिवलीत एकाच्या गच्चीवर जमायचो. 1970 साली त्या तारखेला तो गेला, सत्तावीस वर्षांचा. पुष्कळदा ती तारीख गणपतीत यायची. वर आमचा टेपरेकॉर्डर, खाली मंडळाचे ढोल, आणि जिंकायचे कोण ते सांगायला नको. रिदम हाऊस 2016 साली बंद झालं. त्याच वर्षी ही खोली लोकांसाठी उघडली.

तर खोली. लहान आहे. ज्या माणसाने स्टेजवर गिटार पेटवली त्याची खोली म्हणून काहीतरी अचाट डोळ्यांपुढे असेल तर ते विसरा. जमिनीवर गालिचे, त्यावर पलंग, पलंगावर रंगीत चादर, उशाशी फोन, ॲशट्रे, रेकॉर्ड प्लेअर, मोठे स्पीकर. खिडक्यांना निळे-हिरवे मखमली पडदे. 1968 मध्ये त्याच्या मैत्रिणीने, कॅथी एचिंगहॅमने, पेपरातली जाहिरात बघून ही जागा शोधली. भाडं आठवड्याला तीस पौंड. आणि हे पडदे त्याने जवळच्याच ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जॉन लुईसमधून आणलेले. हे वाचून मी तिथेच थबकलो. आम्ही गच्चीवर ज्याच्या नावाने डोळे मिटून बसायचो, तो पडद्याचं कापड निवडत दुकानात उभा होता! आमच्याकडे दिवाळीच्या आधी असतो तसा.

बहुतेक सामान त्याचं नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या वेळचे फोटो आणि कॅथीच्या आठवणी यांवरून ते नव्याने जमवलंय. लंबगोल आरसा मात्र अस्सल, त्याच घरातला. मी त्याच्यापुढे जरा जास्तच रेंगाळलो. भाच्याने फोटो काढला, त्यात माझं पोट आलंय आणि आरसा नाही.

अस्सल म्हणावी अशी दुसरी वस्तू म्हणजे त्याची एपिफोन अकूस्टिक. घरी बसून गाण्यांची जुळवाजुळव तो हिच्यावर करायचा. उजव्यांची गिटार, डाव्यासाठी फिरवलेली. लोक काचेतून तिचं सगळं रूप बघत होते, मी वाकून नट बघत होतो. भाच्याला वाटलं माझं काही पडलं. त्याला तिथेच समजावलं की स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे त्याची स्टेजवरची इलेक्ट्रिक गिटार, उलटी धरली की आवाजाची बटणं वर येतात आणि ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला, तिरका पिकअपही (तारांचा आवाज टिपणारा भाग) उलटा तिरका होतो, म्हणून जाड तारा जरा धारदार वाजतात आणि बारीक तारा जरा मऊ. "म्हणजे त्याची अडचण हाच त्याचा साउंड?" असं म्हणाला. पोरगं इंजिनिअर झालंय ते उगाच नाही. सगळा साउंड त्यातून आला असं मी म्हणणार नाही, पण थोडा आला.

त्याच्या रेकॉर्डच्या संग्रहाला शेजारी जागा दिली आहे. त्यात ब्लूज भरपूर, बॉब डिलन आहे, रविशंकर आहेत, आणि हँडेलही आहे. शेजारी कोण राहून गेलं हे कळल्यावर तो साउथ मोल्टन स्ट्रीटवरच्या दुकानातून हँडेलच्या रेकॉर्ड घेऊन आला होता. रविशंकरांचं नाव बघून जरा अवघडलो. 1967 च्या जूनमध्ये अमेरिकेत माँटेरेच्या संगीत महोत्सवात एकाच दिवशी दुपारी पंडितजी आणि अल्लारखाँसाहेब बसले, आणि रात्री याने गिटार जाळली. पंडितजींना ते अजिबात रुचलं नव्हतं. मलाही कधी पूर्ण रुचलं नाही. आमच्या घरी खंडेनवमीला पेटी, तबला आणि ती कानस खाल्लेली गिव्हसन ओळीने मांडून फुलं वाहिली जातात. पण मग वाटतं, घरची एपिफोन त्याने जाळली नाही.

खोलीत आमच्याशिवाय सहा-सात जण असतील. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. सत्तरी उलटलेले एक गृहस्थ पलंगाकडे बघत उभे होते. त्यांनी आपणहून सांगितलं की 1969 च्या फेब्रुवारीत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी त्याला ऐकलं होतं. मी अधाशासारखं विचारलं, कसं होतं? ते म्हणाले, पुढे बसलेल्या माणसाचे केस फार मोठे होते, तेवढं नक्की आठवतं. मग दोघंही हसलो. जाताना त्यांनी माझ्या डाव्या हाताशी हस्तांदोलन केलं, कारण मी चुकून तोच पुढे केला होता. इथे कोणी मनगटावर मारलं नाही.

एक सावधगिरीची सूचना. आदल्या दिवशी मी एका कंपनीची 'रॉक लंडन' पायी सहल केली होती; नाव सांगत नाही. गाइडने छातीठोक सांगितलं की लंडनमधले हिरवे पोपट हेंड्रिक्सने कार्नाबी स्ट्रीटवर सोडलेल्या जोडीची पिल्लावळ. पोपट तर आपलेच, गळ्याला कंठ असलेले. मी भारावून ताईला फोन केला. रात्री भाच्याने शोधून दाखवलं की संशोधकांनी ही कथा केव्हाच खोडून काढली आहे. म्हणजे पैसे देऊन माझाच पोपट झाला. ब्रूक स्ट्रीटच्या घरात अशी फोडणी मला आढळली नाही.

हँडेलचा भाग मी घाईत उरकला, हा माझा दोष. 1723 ते 1759, मरेपर्यंत तो तिथे राहिला, 'मेसाया' ही त्याची प्रसिद्ध संगीतरचना तिथेच लिहिली. भाच्याला खालचं स्वयंपाकघर हेंड्रिक्सच्या खोलीपेक्षा जास्त आवडलं. बाहेर भिंतीवर दोघांच्याही निळ्या पाट्या आहेत, फोटो तिथे काढा.

हेंड्रिक्स शेवटी बेशुद्ध सापडला तो नॉटिंग हिलमधल्या एका हॉटेलात, झोपेच्या गोळ्या घेतल्यावर; मृत घोषित केलं ते इस्पितळात. तिकडे जायचं का, असं भाच्याने विचारलं. नको म्हटलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा त्या आरशाशी आणखी दहा मिनिटं हवी होती.

परतताना भाचा म्हणाला, मामा, पहिलं कुठलं ऐकू? 'लिटल विंग' लावून दिलं, एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. अडीच मिनिटांचंही नाही ते. टॉटनहॅम कोर्ट रोड आलं तेव्हा गिटार ऐन रंगात असताना आवाज विरत विरत गेला. त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मामा, एवढ्यात संपलं?"