साडेदहा इंची एआर पिस्तूल: आठ महिने आणि बाराशे राउंडनंतर

आम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. सिटिझनशिप मिळाल्यावर पहिली रायफल घेतली आणि गेल्या वर्षी ही पिस्तूल, म्हणजे एआर-१५ रायफलचंच साडेदहा इंची बॅरलचं छोटं रूप. इकडे १६ इंचापेक्षा छोटी बॅरल आणि खांद्याला लावायचा दस्ता असला की ती शॉर्ट बॅरल रायफल होते, मग १९३४ च्या कायद्याखाली रजिस्ट्रेशन वगैरे, म्हणून मी ब्रेसवाली घेतली, म्हणजे दस्त्याऐवजी मागे हाताला आधार देणारा तुकडा असलेली. २०२३ मध्ये ब्रेसवर नियम आला होता तो २०२४ मध्ये कोर्टाने रद्द केला, तेव्हाच घ्यायचं ठरवलं. आवाजाबद्दल एवढंच सांगतो, बायको एकदा रेंजवर आली आणि म्हणाली याच्यापेक्षा सुतळी बॉम्ब बरा. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही लागतात.

आता मुख्य रडगाणं. पहिल्याच दिवशी रिकाम्या पुंगळ्या पुढच्या बाजूला उडायला लागल्या, नळीचं तोंड घड्याळातले बारा धरले तर एक-दीडच्या दिशेला, आणि त्यांच्या कडा ओरबाडलेल्या. बोल्टला, म्हणजे पुंगळी बाहेर काढून नवीन राउंड भरणाऱ्या भागाला, मागे ढकलणारा गॅस जास्त होतोय याची ही खूण. बॅरल छोटी असली की गोळी गॅस पोर्ट (बॅरलमधलं गॅस घेणारं छिद्र) ओलांडून लगेच बाहेर पडते, प्रेशर टिकायला वेळच मिळत नाही, म्हणून कंपन्या पोर्ट मोठं ठेवतात, आणि मग फुल प्रेशरचं ५.५६ काडतूस टाकलं की बोल्ट धाडकन मागे येतो. सोबत आलेला बफर, म्हणजे बोल्टमागचं वजन, साधारण ८५ ग्रॅमचा होता, तो काढून १३० ग्रॅमच्या आसपासचा जड एच-टू बफर टाकला. फरक लगेच कळला, पुंगळ्या तीन-चारच्या दिशेला पडायला लागल्या आणि धक्काही मऊ झाला.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण हात शिवशिवत होते ना. अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक लावला, त्याच्या स्क्रूने गॅस कमी-जास्त करता येतो. पद्धत सोपी आहे, स्क्रू पूर्ण बंद करायचा, मॅगझिनमध्ये एकच राउंड भरायचा, मारायचा, मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागेच थांबला नाही तर एक क्लिक उघडायचं, परत एक राउंड. थांबला की अजून एक-दोन क्लिक वर ठेवायचे. मी शहाणा, धक्का अजून कमी हवा म्हणून वरचे क्लिक दिलेच नाहीत. जानेवारीत थंडी पडली, तेल दाट झालं, त्यात मी लोखंडी पुंगळीचा स्वस्त .२२३ काडतुसांचा डबा उघडला, तो मुळात ५.५६ पेक्षा कमजोर. तिसऱ्या राउंडला बोल्ट अर्ध्यातून परत आला, रिकामी पुंगळी दरवाजात उभी अडकली. शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने नुसतं बघितलं आणि हसला. पुढच्या वेळी त्याच स्वस्त मालावर सेट केलं, दोन क्लिक जास्त देऊन. महागडा माल त्यावर थोडा जोरात चालतो, चालू दे.

मध्ये एकदा अचानक पुन्हा अडखळायला लागली. मी बफरला शिव्या घालत बसलो आणि दोष निघाला ब्लॉकच्या स्क्रूत. तापून सैल झालेला, गॅस बाजूने निसटत होता, हँडगार्डच्या (बॅरलभोवतीच्या आवरणाच्या) आत काजळीचा लांब पट्टा. बॅरलवर स्क्रूसाठी खळगाच पाडलेला नव्हता! गनस्मिथकडून पाडून घेतला, स्क्रू सैल होऊ नये म्हणून उष्णता सोसणारं थ्रेडलॉकर लावलं.

तेव्हापासून चारशेच्या वर राउंड झाले. दोनदा अडकली, दोन्ही वेळा एकाच जुन्या मॅगझिनमधून. त्याच्यावर आता लाल टेप चिकटवलाय.