सतरा नंबरच्या पोर्टात वायरच नव्हती

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी हिशेब बघते. आमच्यासारख्या संस्था, दवाखाने, शाळा सगळीकडे हल्ली नेटवर्कवाले मॅनेज्ड स्विच (कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र जोडणारं, आतून सेटिंग करता येणारं यंत्र) बसवतात आणि वर्षाचं मॉनिटरिंगही, म्हणजे दुरून लक्ष ठेवण्याचं काम, गळ्यात घालतात. आमच्याकडे काय झालं ते वाचून तुमची बिलं एकदा काढून बघा.

मुख्य कचेरीत २०२१ साली सिस्को कंपनीचा २४ पोर्टचा, म्हणजे वायरी लावायच्या २४ खाचांचा, स्विच बसला. बिलात तीन बाबी होत्या: नवा स्विच, चार व्हीलॅनचं (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कचं) कॉन्फिगरेशन आणि मॉनिटरिंगचे वर्षाला १८,००० रुपये. काउंटरचे कॉम्प्युटर, सर्व्हर, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय एकमेकांपासून वेगळं राहील, असं स्विच बसवणाऱ्या माणसाने संचालक मंडळासमोर सांगितलं होतं. वायफाय जोडलेला कुणीही खातेदारांच्या माहितीपर्यंत पोचणार नाही, हा त्याचा शब्द होता. मंडळाने पैसे मंजूर केले ते त्या शब्दावर.

मग दर महिन्याला रंगीत पीडीएफ येऊ लागली. अपटाइम (यंत्र चालू राहिलेला वेळ), ट्रॅफिक, पोर्टवार आलेख. गेल्या पावसाळ्यात यूपीएस जळाला, अख्खा दिवस व्यवहार बंद राहिले, आणि त्याच महिन्याचा रिपोर्ट आला: अपटाइम ९९.९८ टक्के. तीस दिवसांत एक दिवस बंद म्हणजे फार तर ९६.७ टक्के, याला नेटवर्किंग यावं लागत नाही. मी जुने रिपोर्ट काढले. प्रत्येकात सतरा नंबरच्या पोर्टचा आलेख दुपारी बाराला उंच चढलेला. रॅकपाशी जाऊन बघितलं, तर सतराव्या पोर्टात वायरच नव्हती. आत धूळ साचली होती.

पासवर्ड मागितला की ‘सिक्युरिटीमुळे देता येत नाही’ हे ठरलेलं उत्तर. यंत्र संस्थेचं, पैसे संस्थेचे, आणि किल्ली त्याच्या खिशात! शेवटी अध्यक्षांनी कळवलं की मंडळासमोर स्विच उघडून दाखवा, तोवर बिल निघणार नाही. त्याने एका मुलाला पाठवलं. माझा भाचा पुण्यात हेच काम करतो, त्याला मी बोलावून घेतलं होतं. तो म्हणाला, “मावशी, त्यांनाच टाइप करू दे, मी फक्त सांगतो.”

आधी ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ ही कमांड, कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे ते दाखवणारी. चोवीसच्या चोवीस पोर्ट व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे खोक्यातून काढल्यावर असतात तसेच. वेगळं काहीच केलं नव्हतं. इतकी वर्षं पाहुण्यांचं वायफाय आणि सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते, आणि माझ्या मते यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. पैसे परत मिळतात, खातेदारांची माहिती बाहेर गेली तर ती परत येत नाही.

मग ‘शो रनिंग-कॉन्फिग’, म्हणजे स्विचची चालू सेटिंग्ज. त्यात एसएनएमपीची (स्विचकडून आकडे मागवून घेण्याच्या सोयीची) एकही ओळ नव्हती. भाच्याने मंडळाला समजावलं ते असं: स्विच प्रत्येक पोर्टवर किती डेटा आला-गेला, किती चुका झाल्या याचे आकडे ठेवतो, आणि मॉनिटरिंगचा सर्व्हर एसएनएमपीने ते ठरावीक वेळाने विचारून घेतो. ती सोय चालूच केली नसेल तर असा आलेख येणार कुठून? मीटर न बघता लाइटबिल पाठवावं, तसे ते रिपोर्ट होते. सतराव्या पोर्टची माहिती काढली तर ‘लास्ट इनपुट नेव्हर’, म्हणजे शेवटचा डेटा आला कधी, तर कधीच नाही.

‘शो क्लॉक’ म्हटल्यावर स्क्रीनवर साल आलं १९९३. घड्याळ कुणी लावलंच नाही, तर हे स्विच सुरू होताना १ मार्च १९९३ पासून वेळ मोजतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांनी लॉग, म्हणजे यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात आणि घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, जुळवायची असतात. उद्या काही घडलं असतं, तर पोलिसांना आम्ही १९९३ सालच्या तारखा दाखवल्या असत्या का? आणि ते लॉगसुद्धा स्विचच्या मेमरीत, वीज गेली की पुसले जाणारे.

शेवटी सिरीयल नंबर. सिस्कोच्या अशा नंबरात पहिल्या तीन अक्षरांनंतरचे दोन आकडे सालाचे असतात, त्यात १९९६ मिळवायचे. आमचे आकडे होते १६. म्हणजे २०२१ साली ‘नवा’ म्हणून विकलेला स्विच २०१२ चा.

तो मुलगा गप्प बसला. त्याला मी दोष देत नाही, त्याला नुसतं पाठवलं होतं. मालक मात्र फोनवर म्हणाला, मॉनिटरिंग ‘आमच्या क्लाउडवरून’ होतं. लेखी नोटीस गेल्यावर चालू वर्षाचे १८,००० परत आले. स्विचचे आणि कॉन्फिगरेशनचे पैसे अजून अडकलेत. त्यासाठी सगळे रिपोर्ट, बिलं आणि त्या दिवशीचे स्क्रीनचे फोटो जोडून फसवणुकीबद्दल पोलिसांत अर्ज दिलाय.

तुमच्याकडे असे रिपोर्ट येत असतील तर कॉन्फिगची छापील प्रत मागा. त्यात एसएनएमपी, एनटीपी आणि लॉगिंग होस्ट (लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय) हे तीन शब्द शोधा. एसएनएमपी असेल तर व्हर्जन ३ आहे का विचारा, कारण व्हर्जन २सी मध्ये परवलीचा शब्द उघडा जातो, आणि बऱ्याच ठिकाणी तो ‘पब्लिक’ असाच सोडलेला असतो. अॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवून घ्या. त्यावर वाद घालणाऱ्याला काम देऊ नका.

नव्या माणसाचं पहिलं बिल पास करण्याआधी मी त्याला न सांगता एका पोर्टची वायर काढली. थोड्या वेळात व्यवस्थापकांच्या मोबाइलवर पोर्ट नंबरासकट ‘लिंक डाउन’चा मेसेज आला, पाठोपाठ त्याचाच फोन आला. चेकवर मी सही घेतली ती त्यानंतर.