अंतराळ दुर्बिणीचं ॲप, काही महिने वापरल्यावर: संगीत झकास, कोपरा नकली

ॲपचं नाव लिहीत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच. हबल आणि वेब या अंतराळ दुर्बिणींची छायाचित्रं, सोबत संथ संगीत, टीव्हीवर लावून ठेवायचं. फोर-के, ऑफलाइन डाउनलोड, स्लीप टायमर ही यादी सगळ्यांनी वाचलेली असते, ती सोडून देतो. वार्षिक सबस्क्रिप्शन संपत आलंय आणि 'रिन्यू करायचं का?' असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून हा खटाटोप.

आधी जे चांगलं ते. संगीत सुरुवातीला भयंकर कंटाळवाणं वाटलं होतं. ताल नाही, चाल नाही, एकच सूर लांबत जातो. पण वाचताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना ते मागे चालू असलं की बरं वाटतं, कारण ते लक्ष मागत नाही. ट्रॅक संपून पुन्हा सुरू होताना मध्ये 'टक्' असा आवाज यायचा, तोही एका अपडेटनंतर गेला. ध्वनिरूपांतराचा, म्हणजे दुर्बिणींच्या नोंदींचा आवाज करून ऐकवण्याचा, विभाग तर सगळ्यांत सरस. नासाच्या चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीशी संबंधित मंडळींनी केलेलं हे काम. पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूत, मधल्या कृष्णविवरामुळे उठणाऱ्या दाबाच्या लाटा सापडल्याचं २००३ मध्ये जाहीर झालं. त्यांचा सूर पियानोच्या मधल्या 'सी'च्या ५७ सप्तकं खाली. २०२२ मध्ये तो ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवून कानाला ऐकू येईल असा केला. घुमत, कण्हत येतो. घरातले बंद कर म्हणतात, मला आवडतो.

आता तक्रार. निर्मितीचे स्तंभ, म्हणजे एम १६ तेजोमेघाचं हबलने १९९५ मध्ये टिपलेलं ते जगप्रसिद्ध छायाचित्र. मूळ चित्र पाहिलं असेल तर आठवेल, वरच्या उजव्या कोपऱ्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखा काळा तुकडा आहे. हबलच्या आरशातला दोष भरून काढणारा जो कॅमेरा अंतराळवीरांनी डिसेंबर १९९३ मध्ये बसवला, त्यात चार सेन्सर होते. तीन सारखे, चौथा जास्त बारकाईने पण आकाशाचा लहान भाग टिपणारा. चारही एका मापात जोडले की चौथ्याचा तुकडा छोटा होतो आणि उरलेली जागा काळी राहते. म्हणजे तिथे काही टिपलेलंच नाही.

ॲपमध्ये तो कोपरा भरलेला आहे! शेजारचे तारे उचलून तिथे चिकटवलेत. एक पिवळट तारा आणि त्याच्या डाव्या अंगाला दोन बारके ठिपके, हेच त्रिकूट थोड्या अंतरावर पुन्हा दिसतं. एकदा दिसलं की डोळा दुसरीकडे जातच नाही.

कस्टमर केअरला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. मग टीव्हीचा पिक्चर मोड बदला. मग इंटरनेटचा वेग तपासा. नेट मंद झालं म्हणून तारे जुळे होतात का? मी एवढंच सुचवलं की हबलवर २००९ मध्ये बसवलेल्या नव्या कॅमेऱ्याने हेच स्तंभ २०१४ मध्ये पुन्हा टिपलेत, ते चित्र जानेवारी २०१५ पासून सगळ्यांना खुलं आहे आणि त्यात कोपरा मुळात रिकामा नाही. तेच लावा, प्रश्न मिटला. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय संबंधित टीमकडे पाठवला आहे.'

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्येच अपडेट आलं. त्यामुळे वरचं मत थोडं बदलावं लागतंय, म्हणजे आणखी वाईट करावं लागतंय. जुळं त्रिकूट गेलं. त्याच्या जागी एक झगझगीत तारा आलाय, आणि त्याला टोकं आठ! हबलच्या ताऱ्यांना चार टोकं असतात, कारण दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या आहेत. सहा मोठी आणि दोन बारीक अशी आठ टोकं वेबची. ती त्याच्या आरशाच्या षटकोनी कडा आणि पुढचे तीन दांडे यांमुळे येतात. म्हणजे २५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेल्या दुर्बिणीचा तारा १९९५ च्या चित्रात. कोणीतरी मेहनत घेऊन केलंय हे, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, रंग तरी कुठे खरे असतात? मान्य. मूळ चित्रं करड्या छटांत येतात, रंग नंतर फिल्टरनुसार दिले जातात, आणि वेबचा अवरक्त प्रकाश तर आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. पण त्याला नियम आहे: लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा. एनजीसी ३३२४ या तारे जन्मणाऱ्या भागातल्या वायू-धुळीच्या कड्यांमधून आपण उडत चाललोय असा जो भास ॲप करून देतं, तोही चित्राचे थर सुटे करून हलवण्याचा खेळ आहे. तो मी हसत बघतो. कॅमेऱ्याने न टिपलेल्या जागी मात्र तारा लावू नये बुवा.

आणि हे सगळं पैसे मोजून. नासाची चित्रं फुकट उतरवता येतात. युरोपीय अंतराळ संस्थेची हबल आणि वेबची चित्रंही तशीच, श्रेय दिलं की झालं. ॲपमध्ये ते श्रेय मला कुठेच सापडलं नाही.

शेवटी पेन ड्राइव्ह काढला. मूळ फाइली अवाढव्य असतात आणि टिफ प्रकारातल्या टीव्हीवर उघडत नाहीत. त्या जेपेगमध्ये आणि टीव्हीच्या मापाला आणून टाकल्या. गडद भागात ॲपच्या स्ट्रीमिंगमध्ये जे पट्टे दिसायचे तेही जवळपास गेले. वाकडं एकच. माझ्या टीव्हीला स्लाइड शो आणि गाणी एकत्र चालवता येत नाहीत, आणि तसं संगीत दुसरीकडे मिळालं नाही.

म्हणून वार्षिक रिन्यूअल बंद करून महिन्याचं सर्वांत स्वस्त पॅक घेतलंय, त्यात चित्रं कमी दर्जाची येतात. माझं काही बिघडत नाही. ॲप फोनवर चालतं, फोन उलटा ठेवलेला, आवाज स्पीकरवर, आणि टीव्हीवर माझे फुकटचे स्तंभ, २०१४ चे.