राखणीच्या माळ्याची बैठक: फळी की पट्टी?

मालदांडी ज्वारी दाण्यावर आली की सोलापूरकडं दिवसभर माळ्यावर बसून पाखरं राखावी लागतात. प्लायवूडची फळी ठोकायला सोपी. पण तिची कड गुडघ्यामागं रुतते, पाय बधिर होतात, दवानं कडेचे थर सुटतात. कड घासून गोल केली तरी तासाभरात बूड दुखतंच.

नवारीसारखी दोन इंची पट्टी खाटेसारखी आडवी-उभी विणली तर अंग सामावून घेते. नायलॉन ओलं झालं की ताणतं, म्हणून पॉलिस्टरची घ्या. टोकं तापल्या सुरीनं कापा, नाहीतर उसवतात. आमचं मत पट्टीलाच. फक्त गोफण फिरवायला उभं राहावं लागतं, तेवढी फूटभर जागा फळीचीच हवी.

चौकट खिळ्यांवर सोडू नका, हालचालीनं खिळा ढिला होतो. १० मिमीचा आरपार बोल्ट, दोन्हीकडं रुंद वायसर, वर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हालचालीनं सैल न होणारा).