वाइल्डरमिथ पूर्ण किमतीत घ्यावा का?

मला विचाराल तर घ्या, पण गोष्ट वाचायची आवड असेल तरच. वर्ल्डवॉकर गेम्सचा हा टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायचा) कॉम्प्युटर गेम २०२१ ला पूर्ण रिलीज झाला, साधी गावातली माणसं वॉरियर, हंटर नाहीतर मिस्टिक (जादू करणारे) होतात आणि मोहिमेत वर्षं सरतात तसे त्यांचे केस पांढरे होतात, प्रेमात पडतात, पोरं मोठी होऊन टीममध्ये येतात. कोणी पडायला आलं की गेम तुम्हालाच विचारतो, कायमची इजा घेऊन पळायचं का शत्रूला दणका देऊन मरायचं, आणि तिथे माझा हात अडतोच यार.

मिस्टिक तर कमाल आहे, आजूबाजूचं फर्निचर, आग, झाडं यांच्यात जीव ओतून त्यांचंच हत्यार करते!

खटकतं ते हे की शत्रूंच्या जमाती पाचच, नंतर लढाया सारख्या वाटतात, आणि वाचायचा मजकूर पण भरपूर. पण लोकलच्या गर्दीतून ठाण्याला घरी आल्यावर एक लढाई खेळून झोपता येतं, भारी ग्राफिक्स कार्ड पण नको. मित्रांसोबत को-ऑपमध्ये तर नक्कीच पैसे वसूल. फक्त लढाईसाठी हवा असेल तर स्टीमचा (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा) सेल येऊ द्या.