धंतोलीतली होल्टर तपासणी: माझा अनुभव

मी नागपूरच्या महाल भागात ब्लाउज शिवते. मे महिन्यात मशीनवर बसली होती, खाली पडलेली बॉबीन उचलायला वाकली आणि छातीत एकदम धडधड सुरू झाली. हळूहळू वाढली नाही, बटण दाबल्यासारखी आली. माप द्यायला आलेल्या बाईला माझ्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ठोके 176. दहा मिनिटांनी तशीच खटकन थांबली.

पंधरा दिवसांत असं चारदा झालं. जवळच्या एका दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी 84 वर आलेली, ईसीजी साफ. "टेन्शन घेऊ नका" म्हणून गॅसची गोळी देऊन पाठवलं. त्याचा राग अजून गेला नाही. ईसीजीची पट्टी दहाएक सेकंदांची, धडधड थांबल्यावर काढली तर त्यात दिसणार काय?

धंतोलीतल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काकू, सुरू कशी होते अन् थांबते कशी?" मग म्हणाले, "टेबलावर बोटानं वाजवून दाखवा." मी वाजवलं. भरभर, पण एकसारखं, मशीनच्या टाक्यासारखं. वेडंवाकडं वाजवलं असतं तर शंका दुसऱ्याच आजाराची असती, असं ते म्हणाले. दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, चहा, झोप, सगळं विचारलं. रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलं, उन्हानं अंगातलं पाणी आटलं किंवा पोटॅशियम घसरलं तरी हृदय धावतं, म्हणून रक्ततपासणी आधी करवली. सगळं ठीक निघालं.

मग होल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी नोंदवत राहणारी छोटी डबी. तिथल्या ताईनं छातीवर स्टिकर लावले, डबी कमरेला बांधली. चोवीस तास आंघोळ नाही, हातात वही, धडधडलं की वेळ लिहायची. कूलर असूनही स्टिकरखाली घाम आणि खाज, हे सहन करावं लागतं. नशिबानं संध्याकाळी 7.40 ला ती आलीच. नसती आली तर जास्त दिवसांचं यंत्र लावणार होते.

निदान एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी धडधड. हृदयात विजेची एक जास्तीची वाट असते, ठोका तिथं गोल फिरत बसतो. धडधड घरीच थांबवायला डॉक्टरांनी मला 10 मिलीची सिरिंज दिली: अर्धवट टेकून बसायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं 15 सेकंद फुंकायचं, लगेच सपाट झोपायचं आणि कुणीतरी पाय वर धरायचे. माझ्या सुनेकडूनही करवून घेतलं. चक्कर, छातीत दुखणं किंवा दम लागला तर हे करत न बसता सरळ इमर्जन्सीत जायचं, हेही बजावलं. पुढं हृदयात तार घालून ती वाट जाळायचा उपाय आहे, त्याचा विचार चालू आहे.

तक्रारी दोन. रिपोर्ट सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा मिळाला, आणि गाडी लावायला जागा नाही, ऑटोनंच जा. रिपोर्टसोबत धडधडीच्या वेळची मूळ पट्टी मात्र मागून घ्या. माझी मी मशीनच्या खणात सिरिंजजवळ ठेवली आहे.