गूगल एनग्राम व्ह्यूअर: व्याकरणाच्या वादात पास, वाक्प्रचारांच्या कुळकथेत नापास

‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’ लावायचं की ‘दॅन’, ‘डेटा’ एकवचनी की अनेकवचनी, असले वाद सहसा ‘आम्हाला शाळेत असंच शिकवलंय’वर येऊन अडकतात. गूगलने स्कॅन केलेल्या पुस्तकांतले शब्द मोजणारा एनग्राम व्ह्यूअर निदान पुरावा तरी समोर ठेवतो. डिसेंबर २०१० पासून तो फुकट उपलब्ध आहे आणि लॉगिनचीही गरज नाही. दोन-तीन शब्दप्रयोग स्वल्पविराम देऊन टाकायचे, काळ निवडायचा, की छापील पुस्तकांत कोणाची चलती कधी होती याचा आलेख येतो. उभ्या अक्षावरचा आकडा म्हणजे त्या वर्षीच्या तितक्याच शब्दांच्या सगळ्या गटांमधला टक्का. त्यामुळे पुस्तकांची संख्या वाढली म्हणून रेष उगाच वर चढत नाही.

मात्र शब्द जसेच्या तसे टाकले तर हा आलेख बेमालूम फसवतो. ‘डेटा इज’ आणि ‘डेटा आर’ टाकून लगेच निकाल लावू नका. ‘द यूज ऑफ धिस डेटा इज’ अशा वाक्यात ‘इज’ हे ‘यूज’चं क्रियापद आहे, ‘डेटा’चं नव्हे, पण मोजणीत तेही धरलं जातं. यावर सोपा उपाय म्हणजे ‘द डेटा इज’ टाकताना ‘द’चं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायचं. हे साधन मुळात लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतं. त्यामुळे बहुतेक वाक्याच्या सुरुवातीचे नमुने तेवढे येतात आणि तिथे कर्ता ‘डेटा’च असतो. (शीर्षकं थोडी मिसळतात, पण तेवढं चालतं.) तसंच ‘डिफरंट टू’चं. नुसतं टाकलं तर ‘इट इज डिफरंट टू सी’सारखी वाक्यंही गोळा होतात. पुढे ‘द’ जोडून ‘डिफरंट टू द’, ‘डिफरंट दॅन द’, ‘डिफरंट फ्रॉम द’ अशी तुलना केली की क्रियापदं गळतात. मग संग्रह (म्हणजे ज्या पुस्तकांत शोधायचं तो साठा) बदलून ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीचे आलेख वेगवेगळे काढा. ‘दॅन’ अमेरिकेकडचं आणि ‘टू’ ब्रिटनकडचं, हे भांडण तिथेच मिटतं.

शब्दाच्या जागी तारांकन ठेवलं तर तिथे सर्वाधिक येणारे दहा शब्द मिळतात. शब्दाला अंडरस्कोर आणि कॅपिटलमध्ये आयएनएफ जोडलं तर त्याची सगळी रूपं उलगडतात. हे दोन्ही आणि ‘अक्षरभेद नको’ची खूण एकाच शब्दप्रयोगात हवी तशी मिसळता येत नाहीत. ‘डोन्ट’ आणि ‘डू नॉट’ यांची तुलनाही विसरा, कारण संग्रह तयार करतानाच ‘डोन्ट’चं ‘डू नॉट’ केलेलं आहे.

एका शब्दप्रयोगात जास्तीत जास्त पाच शब्द चालतात. ‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’ (पुडिंग कसं झालंय ते खाल्ल्यावरच कळतं) ही अख्खी म्हण त्यात बसत नाही. ‘प्रूफ ऑफ द पुडिंग इज’ एवढा तुकडा घ्यायचा आणि तो ‘प्रूफ इज इन द पुडिंग’ या आखूड, खरं तर अर्थ हरवलेल्या रूपाशी ताडून पाहायचा. दोन्ही बरोबर पाच शब्दांचे आहेत, म्हणून टक्केवारीही एकाच मापाची येते.

ऐकून लिहिल्यामुळे होणाऱ्या चुकांसाठी हे साधन मजेदार आहे. ‘टो द लाइन’ (निमूटपणे शिस्त पाळणं) यातले दोन वेगळे ‘टो’ देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहावे लागतात, कारण उच्चार एकच, आणि घोळाचं मूळही तेच आहे. पायाचं बोट रेषेला टेकवून उभं राहणारा ‘टो’ खरा. दोरीने ओढणारा ‘टो’ चुकीचा, पण रेष त्याचीही दिसते. ‘फ्री रेन’मध्येही (पूर्ण मोकळीक) लगामाचा ‘रेन’ हवा, राज्यकारभाराचा नको. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: पुस्तकं संपादकाच्या हाताखालून गेलेली असतात, म्हणून अशा चुका आलेखात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. शिवाय खरोखर दोर ओढला जात असेल तर तेही वाक्य मोजलं जातं.

अर्थ तर याला कळतच नाही. ‘बेग द क्वेश्चन’ म्हणजे मुळात जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं. आता बहुतेक लोक ते ‘प्रश्न उभा राहतो’ अशा अर्थाने वापरतात. शेवटी ‘ऑफ वेदर’ (हवामानाचं नव्हे, ‘की नाही’ या अर्थाचं ‘वेदर’) जोडून ‘बेग्ज द क्वेश्चन ऑफ वेदर’ शोधलं तर नवा अर्थ बऱ्यापैकी वेगळा काढता येतो.

वाक्प्रचाराचं मूळ शोधायला मात्र याच्या नादी लागू नका. किमान ४० पुस्तकांत न आलेला शब्दप्रयोग आलेखात येतच नाही, म्हणजे पहिला वापर दिसणं जवळपास अशक्य. त्यात स्मूदिंग मुळात ३ वर असतं: प्रत्येक बिंदू म्हणजे मागची तीन, पुढची तीन आणि ते वर्ष, अशी सात वर्षांची सरासरी. रेष त्यामुळे तीन वर्षं आधीच डोकं वर काढू शकते. सुरुवात पाहताना ते शून्यावर आणा. १८०० च्या आधीच्या छपाईतला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ वाचतो आणि ‘बेस्ट’चं ‘बेफ्ट’ होतं. नंतरच्या आवृत्त्यांत सुधारणा झाली, तरी त्या काळातल्या टेकाडांवर भरवसा नको. आलेखाखाली काळानुसार पुस्तकशोधाचे दुवे असतात. ते उघडून मूळ पानावरचं वर्ष पाहिल्याशिवाय तारीख खरी मानू नका. नियतकालिकाच्या सगळ्या अंकांवर पहिल्या अंकाचंच वर्ष लागलेलं सापडतं.

‘द होल नाइन यार्ड्स’ (शब्दशः ‘पूर्ण नऊ यार्ड’, म्हणजे सगळंच्या सगळं) टाकून बघा. रेष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उचलते आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या २७ फुटी, म्हणजे नऊ यार्डी, काडतूस-पट्ट्याची लोकप्रिय कथा पटायला लागते. पण १९०७ साली अमेरिकेतल्या इंडियानातल्या एका वर्तमानपत्रात ‘फुल नाइन यार्ड्स’ छापलेलं आहे आणि १९१२ साली केंटकीत ‘होल सिक्स यार्ड्स’. यार्ड आधी सहाही होते, तेव्हा पट्ट्याची लांबी निकालात निघते. हा शोध जुन्या वर्तमानपत्रांतून लागला आणि हा आलेख पुस्तकांपुरता आहे.